एक्केचाळिसावा इशारा

ती प्रिंटरपाशी कागद घ्यायला गेली, तर एक अनोळखी माणूस तिच्याच कोडमधल्या एक्केचाळीस इशाऱ्यांची यादी वाचत उभा. वाचता वाचता गालात हसतही होता! तिच्या मनात पाल चुकचुकली.

ऑफिसात तिला सगळे ‘खात्री’ म्हणायचे. रुग्णांच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपासाठी ती सी भाषेत कोड लिहायची, आणि पावलोपावली ‘इथे चूक झाली तर?’ अशी तपासणी घालायची. आता कोड न चालवता नुसता वाचून दोष काढणारं नवं साधन आलं होतं. त्याने तिच्या एक्केचाळीस तपासण्यांवर इशारा दिला, ‘ही अट कधीच खरी होणार नाही, तपासणी फुकट आहे.’ हा माणूस ते इशारे शून्यावर आणायला आला होता. म्हणजे हा तपासण्या उडवणार... आणि एखाद्या दिवशी नळी तुंबली तरी पंप गप्प बसेल.

तो रोज एक इशारा घेऊन तिच्या टेबलाशी यायचा. जाताना पेन विसरायचा, मग पेन न्यायला परत यायचा. तिला त्या पेनाचाही संशय आला.

“तुमचा कुणावरच विश्वास नाही का?” त्याने एकदा विचारलं.

“तपासल्याशिवाय नाही.”

“मग मला तपासा ना...”

तिचे कान तापले. ताईला फोनवर हे सांगितलं, तर ताई म्हणाली, अगं वेडे, तो पेनासाठी येत नाही. खात्रीने ते हसण्यावारी नेलं.

एके दिवशी दुपारी इशारे शून्यावर आले. तपासण्या न उडवता शून्य कसं होईल? तिने घाईघाईने त्याचं काम उघडलं.

चाळीस तपासण्या जागच्या जागी होत्या. इशारा गप्प करायचा तर शेजारी कारण लिहावं लागे. एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं, ‘नळी दाबून पाहिली. अट खरी झाली. साधनाला नळी दिसत नाही. राहू द्या.’ कुठे नळी, कुठे उपटलेली वायर, पण चाळीसही ठिकाणी त्याने स्वतः करून पाहिलं होतं. तिला भरून आलं. आपण किती वाईट विचार केला याच्याबद्दल...

एक्केचाळिसावी तपासणी मात्र खरंच फुकट होती; तीच गोष्ट तिने चुकून दोनदा तपासली होती. तरी ती शाबूत होती. पुढे कारण होतं, ‘ही काढली, तर तिच्या टेबलाशी जायला निमित्त उरणार नाही.’

तिने त्याला बोलावलं. स्क्रीन पाहताच त्याची मान खाली गेली.

“हे कारण चालणार नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे... काढतो.”

“थांब. मी काढते.”

तिने ती तपासणी कारणासकट पुसली. तो टेबलावरचं पेन उचलून निघाला —

“पेन ने खुशाल,” ती म्हणाली. “तरी उद्या ये. निमित्त नको.”