पुलापलीकडून आलेला फोन

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्याकडे तेवढी सवडही नसते कुणाला.

पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. माझ्याबरोबर जो माणूस होता, तो पुढे मरेपर्यंत हे सांगत राहिला आणि त्यातला एक शब्दही त्याने कधी बदलला नाही. म्हणून सांगतेय. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

आणि हो, रात्र नव्हती.

भर दुपार होती.

मार्च १९९७. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमधली आमची केल्सो काउंटी.

नकाशात बघाल तर चांगली ऐसपैस दिसते. माणसं मात्र इतकी थोडी, की शाळेच्या हॉलमध्ये अख्खी काउंटी मावते आणि तरी खुर्च्या उरतात. मधून नदी जाते. नदीवर एकच पूल. पुलाच्या अलीकडे डॅनर गाव, शेरीफचं ऑफिस, चर्च, दुकान आणि गावाबाहेर आमची गुरांची रँच. पलीकडे उत्तरेचा भाग.

उत्तरेला माझ्या आजीच्या काळी दर टेकडीमागे एक घर होतं. शाळा होती, पोस्ट होतं, शनिवारी नाच व्हायचे. मग दुष्काळ आले, पोरं शहरात गेली, म्हातारे एकेक करून मेले. आता तिथे गवत आहे. गुरं आहेत. आणि घरं तशीच उभी आहेत... आत कुणी नसलेली.

अख्ख्या काउंटीत ॲम्ब्युलन्स एकच. तीही आम्हीच गावकरी चालवायचो, फुकट. पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळायचं. मी रोग्याला बघायचे आणि ऑर्लिन गाडी चालवायचे. ऑर्लिन स्पाडी म्हणजे सत्तरीचा म्हातारा, बायको गेलेली, जीभ चुरूचुरू चालणारी.

त्या दिवशी सकाळी बर्फ पडून गेला होता. मग धुकं उतरलं. गाई विण्याचे दिवस. माझा नवरा वेंडेल पहाटेपासून गोठ्यात होता.

दुपारी पेजर वाजला तेव्हा मी बूट चढवत होते. तो दारातून ओरडला, "झालं! घरची गाय अडली की ही बाई गावाला वाचवायला निघाली."

"तुझी गाय तुझंच ऐकते. माझं कुठे ऐकते?"

"तूही माझं ऐकत नाहीस, बर्टी. निदान ती गाय तरी ऐकते."

मी हसले. त्याने टोपी हलवली आणि धुक्यात गोठ्याकडे गेला.

तेच शेवटचं.

गाडीत बसल्यावर मी वायरलेसवर विचारलं, "ग्लेंडा, कुठे जायचंय?"

ग्लेंडा शेरीफच्या ऑफिसात फोन घ्यायची. लग्न होऊन ओमाहाहून आलेली. तिला आमची माणसं आणि घरं अजून नीट ठाऊक नव्हती.

ती म्हणाली, "पूल ओलांडून उत्तरेला. पडक्या शाळेवरून उजवीकडे, पवनचक्कीपर्यंत. मिसेस रेमर म्हणून बाई आहेत. नवऱ्याच्या अंगावर गवत कोसळलंय. छाती दबलीये. अजून बोलतोय म्हणाल्या, पण थंडी वाजतेय म्हणतो."

ऑर्लिननी माझ्याकडे पाहिलं.

"कोण म्हणाली?"

"रेमर."

त्यांनी गाडी सुरू केली.

पूल ओलांडल्यावर मी विचारलं, "का हो? काय झालं?"

"रेमरांच्या घरात कुणी राहत नाही, पोरी. मी तरुण होतो तेव्हापासून रिकामं आहे ते."

"मग कुणी भाड्याने घेतलं असेल. विण्याच्या दिवसांत रँचवाले गडी ठेवतातच की."

"भाड्याने? त्या घराला धड छप्पर नाही. या काउंटीत माणसं इतकी कमी, की भांडण करायचं तर पाहुणा बोलवावा लागतो. आणि नवीन बिऱ्हाड आलं, त्याचा पत्ता ऑर्लिन स्पाडीला नाही?"

तरी आम्ही थांबलो नाही. बोलावणं आलं की जायचं. खरं की खोटं, ते तिथे गेल्यावर बघायचं.

टेकड्या सुरू झाल्या तसा वायरलेस खरखरला... आणि बंद पडला. तिथे तो नेहमीच बंद पडतो. त्याचं काही वाटलं नाही.

पडकी शाळा गेली. आम्ही उजवीकडे वळलो.

रस्त्यावर बर्फ होता. कोरा. चाकाची खूण नाही, पावलाची नाही, हरणाचीही नाही.

मग धुक्यातून पवनचक्की दिसली.

पाती गंजून गळून गेली होती. नुसता सांगाडा उभा. वारा तर अजिबात नव्हता.

तरी करकर येत होती...

सावकाश. कुणी फिरवत असल्यासारखी.

ऑर्लिननी अंगणात गाडी थांबवली. मी बॅग घेऊन उतरले.

"मिसेस रेमर! आम्ही ॲम्ब्युलन्सवाले!"

उत्तर नाही.

घराचं छप्पर एका बाजूने खचलेलं. दार अर्धं उघडं. मी आत डोकावले. जमिनीवर कबुतरांची घाण, कोपऱ्यात बर्फ. भिंतीवर जुना फोन होता. त्याची वायर तुटून खाली लोंबत होती.

खिडकीशी एक खुर्ची होती. बाकी सगळ्यावर धुळीचा थर.

खुर्चीवर नव्हता.

मी बाहेर आले. "ऑर्लिन, कुणीतरी चेष्टा केलीये आपली. चला."

ऑर्लिन हलले नाहीत. हात वर करून मला गप्प केलं.

"ऐक..."

मी ऐकलं.

गोठ्याच्या मागून बाईचा आवाज येत होता. हळू. रडवेल्या लेकराला समजवावं तसा.

"आले हं... आलेच ते. बघ, गाडी आली."

मी धावले. खरंच धावले. मनात एकच, माणूस आहे आणि जिवंत आहे. ऑर्लिन मागून ओरडत होते, "बर्टी, थांब! थांब, पोरी!"

गोठ्यामागे एक मोडकी घोडागाडी होती. गवत वाहायची, जुन्या काळातली. उलटी पडलेली. चाकांतून झुडपं उगवली होती.

तिच्या कडेला बर्फ दबलेला होता. बराच वेळ कुणी मांडी घालून बसावं, तेवढाच.

तिथवर जाणारं पाऊल एकही नव्हतं. परत येणारंही नाही.

मी उभी राहिले. आवाज थांबला होता.

आणि मग माझ्या अगदी पायापाशी, त्या उलट्या गाडीखालून... पुरुषाचा श्वास.

घरघर. एक श्वास. मग खूप वेळ काहीच नाही. मग दुसरा.

"...थंडी वाजतेय."

मी गुडघ्यांवर बसले. हातांनी बर्फ उकरला. खाली गोठलेली माती होती. गाडीखाली हात घातला. झुडपांची मुळं होती. बाकी काही नाही.

श्वास परत आला नाही.

ऑर्लिन माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांची टोपी हातात होती. चर्चमध्ये धरतात तशी.

"तुम्ही ऐकलंत?" मी विचारलं.

"ऐकलं."

"कोण होतं ते?"

"चल इथून. आत्ता. वळून बघू नकोस."

गाडी त्यांनी अशी पळवली, की पडक्या शाळेशी घसरून खड्ड्यात जाता जाता वाचली. मग स्वतःशीच बोलावं तसं सांगू लागले.

"हल्डा रेमर तिचं नाव. नवरा एमिल. मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. असाच बर्फ पडलेला. गवताची गाडी उलटली त्याच्यावर. हिने गावात फोन केला. तेव्हा लाइन होती इथे. पण रस्ते बुजलेले. माझा बाप आणि आणखी चार जण फावडी घेऊन निघाले. पोचायला तीन दिवस लागले त्यांना."

"आणि तो?"

"पहिला दिवसभर बोलत होता म्हणे. ती त्याच्या शेजारी बसून होती. 'आलेच ते' म्हणत. माझा बाप पोचला तेव्हाही ती तेच म्हणत होती. त्याला जाऊन दोन दिवस झाले होते." त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "नंतर ती एकटीच राहिली त्या घरात. गावात कधी आली नाही. कुणाशी भांडली नाही. कुणाला काही बोलली नाही. तिथेच मेली."

तेवढ्यात आम्ही शेवटच्या टेकडीवर आलो आणि वायरलेस एकदम जिवंत झाला.

ग्लेंडा होती. किंचाळत होती.

"...कुठे आहात? देवा, कुठे आहात तुम्ही? बर्टी! ऑर्लिन! कुणीतरी बोला!"

"आहोत, ग्लेंडा. उत्तरेला कुणी नव्हतं. आम्ही परत..."

"बर्टी..." तिचा आवाज फाटला. "बर्टी, वेंडेल."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पूल. ऑर्लिनचा हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने गाडी. आमचं फाटक. शेजारचा डॉरन्स विक, कोट नसलेला, कारण कोट त्याने वेंडेलवर पांघरला होता.

गवताचा मोठा गोल गठ्ठा. ट्रॅक्टरने वर उचलला होता, तो उचलायच्या दांड्यांवरून मागे गडगडत आला आणि वेंडेलच्या छातीवर पडला. डॉरन्सने साखळी लावून तो ओढून काढला होता.

वेंडेल गेलेला होता. हात अजून कोमट होते.

डॉक्टर नंतर म्हणाला, ॲम्ब्युलन्स गावात असती तर कदाचित वाचला असता. कदाचित हा शब्द त्याने दोनदा वापरला. भला माणूस.

किती वाजता झालं असेल, हेही त्याने सांगितलं. ग्लेंडाला तो फोन आला, त्यानंतर जेमतेम काही मिनिटांनी.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण मांडलं होतं. हॅम, बटाटे, पाव. डॉरन्स माझ्याजवळ आला. मोठा धिप्पाड गडी, हातात कॉफीचा कप.

"बर्टी, एक विचारू? त्या दिवशी तुझ्याकडे कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?"

"मी पोचलो तेव्हा तो शुद्धीत होता. मला म्हणाला, 'बाई गेली का?' मी म्हटलं, कोण बाई? तर म्हणाला, 'इतका वेळ माझ्याजवळ बसली होती ती.'" डॉरन्सने कप खाली ठेवला. "मी आलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं गं. आणि बर्फात त्याच्या नि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं."

मी त्याला काही सांगितलं नाही. गाडीखालचा तो आवाज मला तिथेच ओळखीचा वाटला होता, कुणाचा ते आता कळलं. वीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्याचा श्वास मला कळणार नाही?

शेरीफने चौकशी केली. रेमरांच्या घराची लाइन कधीचीच काढून टाकलेली. खांबसुद्धा उपटलेले. ग्लेंडाने शपथेवर सांगितलं की फोन आला होता. तिच्यावर कुणी संशय घेतला नाही, पण तिला ते सहन होईना. उन्हाळ्यात ती नवऱ्याला घेऊन ओमाहाला परत निघाली. आमची काउंटी आणखी दोन माणसांनी कमी झाली.

जाण्याआधी ती मला भेटायला आली. स्वयंपाकघरात बसली. कॉफी प्यायली नाही.

"एक गोष्ट मी शेरीफना सांगितली नाही," ती म्हणाली. "त्या बाईने फोन ठेवायच्या आधी मला विचारलं होतं..."

"काय?"

"गाडीबरोबर कोण येतंय, असं. मी म्हटलं, रॉबर्टा येतेय. बर्टी. काळजी करू नका, ती चांगली आहे."

"मग?"

ग्लेंडा रडायला लागली.

"म्हणाली, 'म्हणजे ती घरी नसणार.' आणि मग म्हणाली... 'बरं झालं.'"

"कसं म्हणाली? रागाने?"

"नाही गं. तेच तर मला कळत नाही. अगदी मायेने."

इतकी वर्षं झाली. तिने मला ते बघण्यापासून वाचवलं, की त्याच्या शेवटाला मुकवलं, ते मला अजून ठरवता येत नाही. ऑर्लिन गेले. मी अजून ॲम्ब्युलन्सवर जाते, कारण दुसरं कुणी नाही. माझी मुलगी आता नवऱ्याबरोबर आमच्याच रँचवर राहते.

मागच्या हिवाळ्यात पुलापलीकडून बोलावणं आलं. खरं होतं. एका म्हाताऱ्याला झटका आला होता. नवीन ड्रायव्हर गाडी सुरू करून बसला होता. "निघायचं ना?"

"थांब," मी म्हटलं.

आणि आधी घरी फोन लावला.

तो वाजत राहिला... वाजत राहिला... ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. तिकडे म्हातारा वाट बघत होता.

"आई?" मुलीचा आवाज आला. "काय गं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुझ्याजवळ कुणी बसलंय का?"