एकतीस नंबरचा दिवा

पावसाळ्यात संध्याकाळी साडेसहा वाजले की करंजकोंडची माणसं अंगणात येऊन वर बघायची. सरी थांबलेल्या असल्या तर त्याच वेळी हर्षदा उतेकरचा ड्रोन शाळेच्या मैदानातून उठायचा आणि वाडीच्या मधोमध, नारळांच्या उंचीच्या जरा वर स्थिर व्हायचा. त्याच्या पोटाखाली दिव्यांची गोल माळ होती. दिवे एक्केचाळीस, घरंही एक्केचाळीस. आपला दिवा हिरवा दिसला की माणसं आत जायची. लाल दिसला की कागदपत्रांची पिशवी उचलून पाखाडीच्या एकशे बारा पायऱ्या उतरून शाळेत मुक्कामाला जायची.

हे सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्याआधी भोंगा होता.

करंजकोंड ही वाडी डोंगराच्या पोटाशी वसलेली. तीन वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी वरच्या उतारात लांब नळ्या पुरल्या. माती आतल्या आत सरकू लागली की तिची करकर या नळ्या ऐकायच्या. लोक त्यांना डोंगरकान म्हणू लागले. कान चांगले होते, अडचण भोंग्याची होती. एका नळीनं जरी करकर ऐकली तरी भोंगा सगळ्या वाडीसाठी वाजायचा. गेल्या जुलैत तो अकरा वेळा वाजला. अकरा वेळा लोक म्हाताऱ्यांना, लेकरांना, शेळ्यांना घेऊन खाली गेले आणि सकाळी चिखल तुडवत वर आले. डोंगर जागचा हलला नव्हता. बाराव्या वेळी निम्मी माणसं आलीच नाहीत.

दारं ठोठावायचं काम हर्षदाकडे होतं. आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग तिनं बावीस वर्षं शिकवला होता आणि आईच्या आजारपणात नोकरी सोडून ती गावी परतली होती. आई गेली, ही राहिली. सरपंचांनी आपत्ती समितीत तिचं नाव घातलं, कारण नाही म्हणायलाही तिला कंटाळा आला होता. पावसात भिजून दारोदार ‘चला, उठा’ करताना एकदा तिला वाटलं, डोंगर खरंच आला तर निदान हे ठोठावणं तरी थांबेल. त्या विचाराची तिला स्वतःलाच भीती वाटली.

फोनवर निरोप पाठवावा, तर वारा सुटला की टॉवरची वीज जायची. मग तिला आपला छंदाचा ड्रोन आठवला. तिनं प्रत्येक दिव्याला स्वतःचा पत्ता असलेली दिव्यांची पट्टी मागवली. साध्या माळेत सगळे दिवे एकदम लागतात, एकदम विझतात. या पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते. निरोपांची रांग एकाच तारेतून येते, पहिला दिवा आपला निरोप काढून घेतो आणि उरलेले पुढच्याकडे सरकवतो. त्यामुळे प्रत्येकाला आपला वेगळा रंग. ड्रोनची बॅटरी या दिव्यांना झेपणार नाही इतक्या विजेच्या दाबाची होती, म्हणून मध्ये दाब उतरवणारं छोटं सर्किट बसवलं. पावसासाठी वर सिलिकॉनची नळी चढवली. ड्रोनच्या होकायंत्रापासून तारा लांब ठेवल्या, नाहीतर ड्रोन हवेत भरकटायचा. वजन वाढलं आणि सत्तावीस मिनिटं उडणारा ड्रोन एकोणीस मिनिटांवर आला.

“एकोणीस पुष्कळ झाली,” ती वाडीतल्या म्हाताऱ्या बबनकाकांना म्हणाली. “रंग बघायला असा किती वेळ लागतो?”

डोंगरकानांचे आकडे घरनिहाय वाटून तिनं दिव्यांना जोडले आणि वाडीची सभा घेऊन सांगितलं, “हिरवा असेल तर घरात थांबा. उगाच कुणी पळायचं नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच आठवड्यात फक्त लाल दिव्यांची घरं खाली गेली. बाकीचे झोपले. हर्षदाही झोपली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस सलग पाऊस झाला. पाचव्या संध्याकाळी तो थोडा उघडला, तेव्हा तिनं ड्रोन वर सोडला. चार दिवे लाल झाले. तीन घरं पाच मिनिटांत पाखाडीला लागली. चौथा दिवा एकतीस नंबरचा, बबनकाका सकपाळांचा. तिथून कुणी येईना.

रिमोट गळ्यात अडकवूनच ती वर धावली. बबनकाका ओटीवर खुर्चीला बांबू बांधत होते. आत पारूकाकी बसल्या होत्या. दोन्ही गुडघे गेल्यापासून त्या चालत नव्हत्या.

“उचलायला पोरांना हाका मारल्यात का?” हर्षदानं विचारलं.

“मारल्या की. सगळ्यांचे हिरवे हायत.”

भोंगा असताना काकींची डोली विलास मोरे आणि शेजारचे तिघे उचलायचे. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. सगळेच उतरायचे, मग जाता जाता खांदा द्यायचे. हर्षदा विलासच्या दारात गेली. विलास पाय गरम पाण्यात बुडवून बसला होता. घाटातली दरड उपसायला तो चार दिवस जात होता. पायांना चिखल्या झाल्या होत्या.

“ताई, माझा हिरवा आहे,” तो आधीच म्हणाला.

“हिरवाच आहे रे. काकींना न्यायचंय.”

“सकाळी नेतो. आज खरंच उभं राहवत नाही.” तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “हिरवा असला तर घरात थांबा, तुम्हीच सांगितलंत ना?”

तो आळशी नव्हता, दमला होता. तीही दमली होती. आणखी दोन दारांतून तिला जवळजवळ हेच शब्द ऐकू आले. परत येऊन तिनं आणि बबनकाकांनी खुर्ची उचलली. अंगण ओलांडेपर्यंत काकांचा श्वास फुलला.

“ठेव गं खाली,” पारूकाकी म्हणाल्या. “तुम्ही दोघं जा. रोज थोडाच पडतो डोंगर?”

हर्षदानं रिमोटकडे पाहिलं. बॅटरीची सात मिनिटं उरली होती. तिनं एक्केचाळीसही दिव्यांना एकच निरोप पाठवला. लाल.

अजून अंगणात असलेल्या कुणीतरी वर पाहिलं आणि वाडीत आरडाओरडा झाला. दारं उघडली, शेळ्या ओरडू लागल्या. विलास अनवाणी धावत आला आणि काही न विचारता डोलीच्या बांबूखाली खांदा घातला. मागून तिघे आले.

आठला दहा मिनिटं कमी असताना डोंगर आला. शाळेत सगळ्यांना तो आवाज छातीत जाणवला. सकाळी पाहिलं तर लाल दिव्यांची चारही घरं मातीखाली होती. बाकी सदतीस घरांच्या कौलांनाही धक्का लागला नव्हता.

तिनं लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, “सदतीस दिवे मी खोटे लाल केले.”

एक बाई म्हणाली की पडतझडत उतरताना तिच्या सासऱ्यांचा हात मोडला, तो कशासाठी? कुणी म्हणालं, आता कोणता रंग खरा मानायचा? कुणी भोंगा परत मागितला. हर्षदानं सगळं ऐकून घेतलं. बबनकाका भिंतीशी बसून होते. पारूकाकी त्यांच्या हातावर हात ठेवून सगळ्यांकडे बघत होत्या.

सभा मोडली. माणसं निघाली. विलास दारातून परत फिरला.

“पुन्हा खोटं बोललात तर मी येणार नाही, ताई,” तो म्हणाला. “पण खरं बोललात तेव्हाही आलो नव्हतो.”

त्यानं दाराची चौकट धरली.

“काकींचा दिवा लाल झाला की माझाही लाल करता येईल? खोटा नाही. मी सांगतोय म्हणून.”

“येईल,” ती म्हणाली. “प्रोग्राममध्ये दोन ओळींचं काम आहे.”

तो मान हलवून निघाला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

“आणि तुझा स्वतःचा लाल झाला, विलास, तर सोबत कुणाचा करू?”

विलास वळला आणि पाखाडी चढून जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिला.