समुद्र डाव्या हाताला

हवेच्या पंपावर दोन हात एकदमच पडले आणि पेइयूच्या कपाळाला आठी पडली. आधीच तिचं डोकं तापलेलं होतं.

पूर्व किनाऱ्यावरच्या चांगबिनच्या पोलीस चौकीबाहेर हा पंप सायकलवाल्यांसाठीच ठेवलेला असतो. पेइयू कालच ह्वालियेनहून आईची बाजाराची सायकल घेऊन तणतणत निघाली होती. "बेटाला फेरी मारायला तयारी लागते. उद्या रडत परत येशील," असं बाबा म्हणाले होते. मग तयारी कसली करतेय ती!

"आधी तुम्ही," पिवळ्या हेल्मेटवाला तरुण म्हणाला. तिच्या सायकलीचं तोंड कुठे आहे ते बघून हसला. "पण... तुम्ही उलट्या निघालात. समुद्र उजव्या हाताला ठेवून जातात सगळे."

"समुद्र तुमच्या वडिलांनी विकत घेतलाय?"

"नाही, ते चहा विकतात." त्यानं चहात उकडलेलं अंडं पुढे केलं. "मी चंगहान. ताइनानहून आलोय. आज मुक्काम कुठे?"

"राग उतरेल तिथे."

"मग फिलिपिन्सच गाठाल."

तिला हसू येत होतं, ते तिनं दाबलं. अंडं मात्र घेतलं.

"मी असा, तुम्ही तशा," निघताना तो म्हणाला. "म्हणजे पश्चिमेला कुठेतरी समोरासमोर येऊच. जियायौ!"

जियायौ म्हणजे तेल ओता. सायकलवाला दिसला की त्याला जोर चढावा म्हणून जो तो हेच ओरडतो. पेइयूच्या आगीत तेवढंच ओतायचं राहिलं होतं.

दक्षिणेचा सबंध घाट ती त्याला शिव्या घालत चढली. पश्चिम किनाऱ्याला लागल्यावर मात्र समोरून येणारं प्रत्येक हेल्मेट ती निरखू लागली. पिवळं...? नव्हे. मग स्वतःवरच चिडायची. ताइनान गेलं, ताइचुंग गेलं, तो नाहीच. थापाड्या मेला.

सिंचूच्या वाऱ्यात ती सायकल ढकलत होती, तेव्हा मागून घंटी वाजली.

"तुम्ही... थांबता की नाही कुठे?" चंगहानला धाप लागली होती. "त्याच दुपारी वळलो मी. ठरवलेले सगळे मुक्काम बुडाले. तेव्हापासून मागे आहे."

पेइयूनं सायकल आपटली. "मूर्खा, समोरून यायचं ठरलं होतं ना? रोज येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघतेय मी. उन्हानं डोळे भाजले माझे—"

आपण काय बोलून गेलो, ते तिच्या आता लक्षात आलं.

त्यानं तिची सायकल उचलली, हँडल सरळ केलं. "रोज?"

"तेल ओतू नकोस." तिचे कान लाल झाले होते आणि राग अजून होताच. "पुढे हो. ह्वालियेनपर्यंत, बाबांच्या दारापर्यंत वारा अडवायचा. आणि मागे वळून बघायचं नाही."

त्यानं पहिल्याच वळणावर बघितलं.