मोतीरामच्या हिरीचं पाणी

मी लक्ष्मीबाई. चिकलठाण्याला एका कंपनीच्या कँटीनात सकाळपाळीला पोळ्या लाटते. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी चालला नाय, तवा भुताखेताचं माझ्याफुडं बोलायचं नाय.

माझ्या नवऱ्याच्या, मालकाच्या, किडन्या गेल्या. डायलिसिस चालू झालं अन् पाणी बंद झालं. दिवसाला पेलाभर, ते बी मी देईन तेवढंच. माठ कुलपात. शेजारी कुणी नळ सोडला तरी हे ओठ चाटायचे. जीव तुटायचा माझा. पन पाजलं तर छातीत पाणी भरून मरतील, मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर चितेगावचा मोतीराम असायचा. मशीन चालू असताना दोघं नुसतं पाण्याचं बोलायचे. "आमच्या हिरीचं पाणी म्हंजी साखर, सांडू. तुला पाजणार एकदा," मोतीराम मालकाला नावानं हाक मारून म्हणायचा. उन्हाळ्यात तो वारला.

तवापासून मालकाचं वजन वाढायला लागलं. तनुजा सिस्टर त्यांच्या सुजल्या पावलावर अंगठा दाबायची, खळगा तसाच राहायचा. मग काट्याकडं बघून चिडायची, "काका, एवढं पाणी? जीव द्यायचाय का?"

घरी आल्यावर मी भांडले. "खरं सांगा, कुठं पिता?"

"झोपंत," ते म्हणाले. "मोतीराम पाजतो. लई गार असतंय गं."

"आता मेलेल्याच्या नावावर खपवा!" मी कुलूप बदललं. तरी वजन वाढलंच. तनुजानं मला बाजूला घेतलं. "मावशी, आणखी एकदा असं झालं तर हृदय झेपणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले, मी उशाशी बसले. जरा वेळानं त्यांचं नरडं हलायला लागलं. गट, गट. खोलीत पाण्याचा थेंब नव्हता. तरी मिशा ओल्या झाल्या. अन् चेहरा एवढा सुखाचा, की उठवायला हात धजंना.

पन मला ते पाहिजे होते. आजारी, कुरकुरे, कसे का असंनात, घरात पाहिजे होते.

मी त्यांच्या तोंडावर तळवा दाबला.

"बास करा, मोतीरामभाऊ."

त्यांचं नरडं थांबलं.

माझ्या घशातून घोट खाली गेला. गार. खरंच साखर.

मी हात काढला नाय.

पुढच्या खेपेला मालकाचं वजन बरोबर भरलं. तनुजा हसली, मला तर रडूच आलं. आता रोज दुपारी मी उशाशी बसते.

आज आंघोळीला बसले, तर जोडवी निघंनात. पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, अन् तसाच राहिला.