ओढ्याला दिलेलं औषध

ओढा दुधासारखा पांढरा वाहत होता.

सुन्निवा पुलावरच थबकली. गावच्या मासेमारी मंडळानं ओढ्याची राखण तिच्यावर सोपवली होती, आणि तापातल्या लेकराचं कपाळ चाचपावं तशी ती रोज त्याला बघून जायची. भुरभुरत्या पावसात टोपी सावरत ती काठाकाठानं वर धावत सुटली...

वळणापलीकडे एक तरुण गवंडी काँक्रीटचा मिक्सर ओढ्यात उपडा करून धूत होता. आणि वर गुणगुणत होता!

"अहो! हे काय चालवलंय?"

त्यानं मान वर केली. ओल्या भुवया, निरागस हसू. "औषध देतोय ओढ्याला."

"औषध?"

"चुना हो! आमचे आजोबा हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर घसरगाडीनं चुनखडीची भुकटी पसरायचे. बर्फ वितळला की भुकटी पाण्यात. कारखान्यांच्या धुरानं आंबट झालेल्या पावसानं गेलेले मासे तशानंच परत आले. सिमेंट म्हणजे तरी काय? चुनाच की!"

तिला राग आला होता, पण ओरडायला तोंड उघडेना. दक्षिण नॉर्वेत असे आजोबा घरोघरी होते. तिचेही होते.

पाण्याचा आंबटपणा तपासायची खिशातली कागदी पट्टी तिनं पाण्यात बुडवली. पट्टी गर्द जांभळी झाली, जहाल चुन्याची खूण.

"चुनखडी हळूहळू विरघळते. हे पाणी भाजतं... हात दाखवा."

"भविष्य सांगणार?"

"दाखवा तर."

त्याची बोटं लाल होती, भेगाळलेली. तिनं ती हलकेच धरली – आणि सोडायला जरा उशीरच केला.

"हे कशानं झालं?"

"सिमेंटनं. आमच्या कामात चालायचंच."

"ही तुमची जाड कातडी. माशांचे कल्ले तर फुलाच्या पाकळीहून नाजूक असतात."

त्याचं हसू मावळलं. पायाशी बोटभर ट्राउट मासा कुशीवर तरंगत होता. त्यानं तो ओंजळीत उचलला.

मग त्यानं मिक्सर काठावर ओढला, फावड्यानं मातीचा बांध घालून गढूळ पाणी अडवलं, आणि फोन काढला.

"कुणाला?"

"नगरपालिकेला. हाल्वरनं ओढा नासवला, हे हाल्वरच सांगेल. तुम्हाला सांगावं लागलं तर वाईट वाटेल."

"मला कशाला वाईट वाटेल?"

"नाही वाटणार?"

ती पट्टीची उगाच घडी घालत राहिली...

त्याचं काम गेलं. स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलंच काम होतं ते. तरी दर रविवारी तो डब्यात गरम वाफल आणि तपकिरी चीज घेऊन ओढ्यावर हजर! दोघं गुडघाभर पाण्यात उतरून दगड उलटायची. दगडाखाली किड्यांची पिल्लं दिसली तर मासेही येतील. पण दगड कोरेच.

"माझं तोंड बघून येत नसतील," तो म्हणायचा.

"किडे वरच्या झऱ्यातून वाहत येतील. घाई आहे का तुला?"

"छे! वाफल तेवढे संपत आलेत."

"मग भाज की अजून."

हसता हसता उन्हाळा सरत आला. एका रविवारी मात्र त्यानं डबा उघडलाच नाही.

"उत्तरेत काम मिळतंय," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "उद्या कळवायचंय... इथं मला कोण काम देणार?"

सुन्निवानं समोरचा दगड उलटला. त्याच्या ओल्या पाठीला नखाएवढं काहीतरी चिकटलं होतं. सहा पाय, तीन शेपट्या... आणि ते चाललं!

"हाल्वर!"

तो धडपडत वाकला. दोघांची डोकी आपटली, पण लक्षात कोण घेतो?

"आलं गं... खरंच आलं!" तो कुजबुजला. "तगेल ना?"

"राखण लागेल. एकटीनं नाही व्हायची."

"हे मंडळ सांगतंय – की तू?"

"मंडळाला कुठं वाफल आवडतात?"

झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा त्यानं दगड जागच्या जागी ठेवला. मग भेगा बुजत आलेल्या बोटांनी तिचा गार हात धरला. या वेळी सोडायची घाई कुणालाच नव्हती.

"उद्या काय कळवणार?" तिनं हळूच विचारलं.

"की पोरगा ओढ्यावर कामाला लागला," तो म्हणाला. "कायमचा."