तोफेचा उतारा

हे मी ऐकलेलं नाही. माझ्यासमोर घडलेलं आहे. इतकी वर्षं लिहायला धजलो नाही. कुणी मला वेडा ठरवलं तरी चालेल. मला स्वतःलाही कधीकधी तसंच वाटतं.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गाव मालेगाव, वाशिमच्या वाटेवरचं. वेळ रात्रीची नव्हती... वैशाखातली भर दुपार होती.

मी तिथल्या वाचनालयात कामाला होतो. लोक मला उगाच मास्तर म्हणायचे. बसस्टँडमागच्या छोट्या बागेत चौथऱ्यावर एक तोफ होती. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी शत्रूकडून जिंकलेली आणि मग गावाला दिलेली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कोणत्या शत्रूची, ते कुणालाच नाही. सरपंच बबनरावांना तिथं पाटी लावायची होती. एवढी पुस्तकं चाळता, तर तेवढं शोधून द्या, असं ते चारचौघांत हसत म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही.

नळीच्या आतल्या लांब खाचा मोजल्या की तोफ कुठली याचा अंदाज येतो, असं एका पुस्तकात होतं.

बागेचा माळी इंद्रभान. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात अंडंही न शिवलेला. तोफेच्या तोंडात लोकांनी पानाच्या पिचकाऱ्या मारलेल्या, केळीच्या साली कोंबलेल्या. तो निमूटपणे ते उपसत होता. मी नाकाला रुमाल लावून दूर उभा.

मग माझ्या सांगण्यावरून त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बोटांनी खाचा मोजू लागला.

मध्येच थांबला...

"मास्तर, आत गरम हाय."

उन्हानं तापली असेल, मी म्हणालो.

"तशी गरम नाई. बैलाच्या तोंडात हात घातल्यावानी."

पुन्हा मोजू लागला. पुन्हा थांबला. आता आवाज अगदी बारीक...

"कोनी तरी माहे बोटं मोजून राह्यलं."

त्यानं हात ओढून काढला. कोपराच्या वरपर्यंत पिवळट चरबी. जुन्या तोफांना वंगण असतं, हे मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांचं वंगण सुकून जातं.

हे ओलं होतं. त्यात बारीक काळे केस होते.

आणि वास... मेलेलं जनावर उन्हात फुगतं ना, तसा.

राखेनं, चिंचेनं, रॉकेलनं त्यानं हात घासला. चरबी गेली. वास गेला नाही.

त्या दिवसापासून इंद्रभानचं अन्न सुटलं. घास तोंडाशी नेला की ओकारी. बायको लिलाबाई आपल्या हातानं भरवायची, तेही उलटून पडायचं. डॉक्टरच्या सुया झाल्या. माणूस खाटेला लागला.

एक दिवस लिलाबाई वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला उतारा काढायचा होता. नवऱ्यावरून अन्न ओवाळून तोफेपुढे ठेवायचं. पण जो आत आहे, त्याच्या आवडीचं अन्न हवं.

"भाऊ, थो कोन हाय थे सांगा. काय खाते थे कळल्याबिगर मी काय रांधू?"

मी बागेत गेलो. तोफेच्या मागच्या बाजूचा रंग खरवडला. गंजात अर्धवट अक्षरं होती. कारखाना जर्मन वाटत होता. पण जर्मनांच्या तोफा तुर्कही वापरायचे. खात्रीसाठी खाचा मोजायला हव्या होत्या.

मी हात तोफेच्या तोंडापर्यंत नेला...

आतून दमट, उबदार वाफ तळव्यावर आली.

मी परत फिरलो. जर्मन आहे, असं तिला सांगितलं. पाव आणि मटण खातात म्हणालो.

बेकरीतला पाव आणि शेजारणीकडून रांधून आणलेलं मटण तिनं ओवाळून ठेवलं. सकाळी ते तसंच होतं. कुत्र्यांनीसुद्धा तोंड लावलं नव्हतं.

पण घरी इंद्रभान उठून बसला होता. भूक लागली म्हणाला. भाकरी पुढे केली, ती त्यानं बाजूला सारली.

पाव मागितला. मटण मागितलं.

मी गेलो तेव्हा तो जेवत होता. गळ्यात माळ नव्हती. रस्सा मनगटावरून ओघळत होता. त्या हाताचा वास मला दारातूनच आला. तो मिटक्या मारत होता.

लिलाबाईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग होता. तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं...

"भाऊ, थे लोकं मटन शिजवूनच खातेत ना? हे आता कच्चंच मांगून राह्यले."

मी तसाच बाहेर पडलो.

इंद्रभान पुढे बरीच वर्षं जगला. चांगला धष्टपुष्ट. नवरा वाचला म्हणून लिलाबाई दर दिवाळीला माझ्या पाया पडायची. खाटेवरून उठला तो कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. मीही नाही.

ती तोफ खरंच जर्मन होती का, ते मला आजही ठाऊक नाही.

मी तुर्क म्हणालो असतो, तर त्या खाटेवरून कोण उठलं असतं...