अकरावा परस

डाळ शिजेना, तिथून हे सुरू झालं.

नोव्हेंबर १९८२. इंग्लंडच्या उत्तरेतलं न्यूकासल शहर. सरकारी शिष्यवृत्तीवर मी तिथं भूजलशास्त्र शिकायला गेलो होतो. मिसेस हॉलिस नावाच्या विधवा बाईच्या घरात वरची खोली भाड्यानं मिळाली होती. खोलीत एक पलंग, एक गॅसची शेगडी, खिडकीपाशी बेसिन आणि त्यावर एक नळ. सकाळी उठायचं, नळाचं पाणी पातेल्यात घेऊन तुरीची डाळ चढवायची, दाढी उरकायची, वरणभात खाऊन प्रयोगशाळा गाठायची. तिथलं पाणी मऊ. डाळ बघता बघता गळून जायची आणि साबणाचा फेस धुता धुता हात दुखायचे.

त्या दिवशी पंचवीस मिनिटं उलटली तरी डाळ तळाशी खड्यांसारखी वाजत होती. साबण गालाला चोळला तर फेस नाही, नासक्या दुधासारखा चोथा झाला. मराठवाड्यातल्या माणसाला ह्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. जड पाणी. ओंजळ भरून तोंडात घेतली. खारट, तोंडात लोखंड ठेवल्यासारखी चव, आणि कोमट. हिवाळ्यात तिथला नळ हात कापतो, आणि हे पाणी कोमट.

सात वाजता नळ पुन्हा सोडला. मऊ, थंड, बेचव पाणी.

मी नोंद ठेवायला लागलो. ते पाणी सकाळी साडेसहाला यायचं, सातला जायचं. रोज. खालच्या स्वयंपाकघरात त्याच वेळी मिसेस हॉलिसचा नळ उघडून पाहिला, तिथं काही नाही. फक्त माझ्या खोलीत. बाईला सांगितलं तर म्हणाली, "जुने पाइप आहेत, दुसरं काय." मलाही तसंच वाटलं. मी देव मानत नाही, भूत मानत नाही. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ती सगळी अडगळ बाहेर फेकली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी मला भोळा समजणार नाही.

आता आमच्या विहिरीबद्दल सांगतो, आणि स्पष्ट सांगतो.

आमचं गाव अणदूर आणि नळदुर्गच्या मधे. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरीला थोडं पाणी होतं, पण आमच्या वस्तीनं तिथं पोहरा टाकायचा नाही. घागर घेऊन खाली बसायचं, वरून कुणी ओतेल तेव्हा घ्यायचं. माझा बाप, बिभीषण, म्हणाला, आपली विहीर आपण खणू. वस्तीतली म्हातारी माणसं म्हणाली, पाणाड्याला दाखवू. बाप नको म्हणत होता, पण तहानेपुढं कुणाचं चालतं? गावचा पाणाड्या आला. तळहातावर नारळ ठेवून रान फिरायची त्याची रीत. पण वस्तीत पाऊल टाकलं तर बाटेल म्हणून तो शिवेवरच थांबला आणि तिथून त्यानं नारळ भिरकावला. गडगडत जिथं थांबला, तिथं बोट दाखवलं. "हितं खणा." आणि आमच्या लोकांनी तिथं खणलं. ह्यापेक्षा मूर्ख गोष्ट मी जगात कुठं पाहिली नाही.

नऊ परस गेले. परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. पाण्याचा टिपूस नाही. त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये एका दुपारी बाराला सगळे भाकरी खायला वर आले. बाप आला नाही. सूर्य डोक्यावर असला की विहिरीच्या तळाला तेवढा अर्धा तास उजेड पडतो. तो वाया घालवायचा नाही, अशी त्याची पद्धत. घणाचे दोन घाव आणि एक दम. दोन घाव, एक दम. वर बसून आम्ही ऐकत होतो. मी चौदा वर्षांचा. मग दरड कोसळली.

दरड उपसायला यारी, म्हणजे दगड वर ओढायचा रहाट, पाहिजे होती. गावात एकच यारी, पाणीपुरवठा सहकारी सोसायटीची. ती चेअरमन आबारावच्या स्वतःच्या विहिरीवर चालली होती. "काम अर्ध्यात सोडवत न्हाय," आबाराव म्हणाला. चार परस मलब्याखाली माझा बाप राहिला. आईनं, मुक्ताबाईनं, वस्तीला बजावलं, "माजा माणूस हाय त्यात. कुणी कुदळ लावायची न्हाय."

दहा वर्षं कुणी लावली नव्हती.

जानेवारीत मी त्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत तपासली. प्राध्यापकांनी आकडे बघून चष्मा काढला. "हे पाणी काळ्या बेसाल्ट खडकातलं आहे. आपल्याकडचं नाही. नमुना कुठला?"

"घरचा," मी म्हणालो. खोटं बोललो असं मला तेव्हाही वाटलं नाही.

फेब्रुवारीत पाण्यासोबत कच यायला लागली. काळ्या दगडाची, ताजी फुटलेली, धार असलेली. बेसिनच्या तळाशी चिमूटभर साठायची, ती मी कागदाच्या पुड्यांत तारखा घालून ठेवली. आणि आवाज. तोटीला कान लावला की खूप खालून यायचा. दोन ठोके. मग थांबणं. दोन ठोके.

मार्चच्या शेवटी इंग्लंडात घड्याळं एक तास पुढं करतात. रविवारी साडेसहाला मी नळापाशी उभा राहिलो. मऊ पाणी. सातला मऊ. वाटलं, संपलं. साडेसातला खारं पाणी आलं.

इंग्लंडचं घड्याळ त्या पाण्याला लागू नव्हतं. मी पलंगावर बसून बोटांवर हिशेब केला. आधीचे साडेसहा, आताचे साडेसात. दोन्ही वेळी आपल्याकडं दुपारचे बारा.

एप्रिलमध्ये पाणी लाल आलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर भाजक्या विटेसारखी माती. बेसाल्टच्या दोन थरांच्या मधे अशी तांबडी पट्टी असते. आमच्या भागात तिच्याखालच्या सच्छिद्र खडकात पाणी सापडतं, हे मला पुस्तकानं शिकवलं होतं. आधी काळा दगड, मग तांबडी पट्टी. कुणीतरी खाली खाली चाललं होतं.

मी आलेखाच्या कागदामागं प्रवास आखला. रशियन विमान सगळ्यांत स्वस्त, पण मॉस्कोत सोळा तास बसून राहायचं. मग मुंबई. मुंबईहून सोलापूर रेल्वेनं, सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं एसटी, नळदुर्गला उतरून पायी. आईला पत्र टाकलं, विहीर उपसायची आहे. मास्तरांच्या अक्षरात तिचं उत्तर आलं. "कुदळ लावणार असलास तर येऊच नको." तिकीट काढून झालं होतं. नसतं काढलं तरी गेलो असतो.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं माझ्या बॅगेतून सहा बाटल्या काढल्या. "काय हे?"

"पाणी."

"अरे, लोक इंग्लंडहून टेपरेकॉर्डर आणतात. तू पाणी आणलंस?"

"आमचंच आहे," मी म्हणालो. "परत नेतोय."

वस्तीत पोचलो तेव्हा शेवटचा टँकर येऊन चार दिवस झाले होते. आई माझ्याशी बोलेना. मी भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी बाराला तिला विहिरीच्या काठावर घेऊन गेलो. सोबत गोरोबा होता, बापाचा जोडीदार, त्या दिवशी भाकरी खायला वर आलेला. ऊन असं की दगडावर पाय ठरत नव्हता. आम्ही तिघं वाकून कान देऊन उभे राहिलो.

दोन ठोके. थांबणं. दोन ठोके.

गोरोबानं आईकडं बघितलं. "मुक्ताबाई, ऐकू येतंय का तुमास्नी?"

आई म्हणाली, "रोजच येतंय. धा वर्सं झाली. म्या कुणाला सांगितलं न्हाय." पदरानं तिनं तोंड पुसलं. "दम तुज्या बापाचाच हाय. पर आता दमलाय रं. लाव कुदळ."

यारी मागायला मी आबारावच्या ओसरीवर गेलो. मागायला नव्हे, नकार ऐकायला गेलो म्हणा. "इलायतेला जाऊन आलास अन् बापाचीच व्हीर उकरतुयस व्हय?" तो हसला. "आरं, त्यात हाडं निगतील, पानी न्हाय."

"आबाराव, पाणी निघालं की तुम्ही घागर घेऊन याल," मी म्हणालो. "तेव्हा मी हसणार नाही. एवढं तुमच्यापेक्षा बरं वागेन."

बाभळीची तीन लाकडं बांधून गोरोबानं तिकटी उभी केली, वर कप्पी अडकवली. सगळी वस्ती लागली. बायांनी पाट्या वाहिल्या, पोरांनी दोर ओढला. एकोणीस दिवस. सहाव्या परसापासून नवव्यापर्यंत मलबा वर आला. त्यात बापाचा घण निघाला. पटका निघाला. एक वहाण निघाली.

हाडं निघाली नाहीत.

नवव्या परसाला तळ लागायला हवा होता. गोरोबानं स्वतःच्या हातानं तो सोडला होता. तळ नव्हता. तिथून एका माणसाच्या रुंदीचा गोल खड्डा खाली गेला होता. मलबा त्यात पडलेला नव्हता. कंदील सोडून मोजलं.

आणखी दोन परस.

भिंतीवर छिन्नीच्या खुणा होत्या. ताज्या, पांढऱ्या. एवढा दगड फुटला, तो गेला कुठं? वर तर चार परस मलबा बसलेला.

खाली मीच उतरलो. दोन जूनला, दुपारी बाराला. पायाखाली तांबडी माती, विटेसारखी. वरून बरोबर उजेड पडला होता.

ठोके थांबले होते.

बापाच्या घणानं मी दोन घाव घातले. दम घेतला.

पाणी पायाला लागलं. मग घोट्याला. मग गुडघ्याला.

मी ओरडलो, आणि वरून सगळी वस्ती ओरडली. मला ओढून काढेपर्यंत ते छातीला लागलं होतं. संध्याकाळी चार परस पाणी उभं होतं. माझी बाटली आणि विहिरीचं पाणी मी पुढं सोलापूरला प्रयोगशाळेत नेऊन शेजारी शेजारी तपासलं. आकड्यात फरक नाही. पाणी लागलं त्या दिवशी वस्तीत ढोल वाजला. जी माणसं दहा वर्षं टँकरमागं पळाली, ती रात्रीपर्यंत नुसती एकमेकांवर पाणी उडवत होती.

आठ दिवसांत आबारावच्या विहिरीनं तळ गाठला. त्याची बैलगाडी पिंपं घेऊन आमच्या विहिरीवर आली, मागून तो स्वतः चालत. मी हसलो नाही. गाडीवान खाली बसून वाट बघायला लागला, कुणी ओतेल म्हणून. आईनं पोहरा त्याच्यापुढं ठेवला.

"शेंदून घ्या. हितं कुणी कुणाला वरनं ओतत न्हाय."

आबारावनं स्वतः पोहरा टाकला. सगळी वस्ती बघत होती. हा दिवस माझ्या बापानं खणून काढला, आणि मी तो डोळ्यांनी पाहिला.

एकच गोष्ट राहिली.

जुलैत मिसेस हॉलिसचं लहान पार्सल आलं. मी गावचा पत्ता ठेवून आलो होतो. आत चिठ्ठी होती. 'दोन जूनच्या सकाळी साडेसातपासून तुझ्या खोलीतला नळ कोरडा आहे. बाकी घरभर पाणी आहे. शेवटी माणूस बोलावून पाइप कापला. आत लाल धूळ होती, आणि ही वस्तू. तुझीच असणार. अंगठ्याएवढ्या पाइपात ती गेली कशी, ते त्यालाही समजलं नाही.'

पितळेची चुन्याची डबी होती, तळहाताएवढी. झाकणावर खिळ्यानं ओढलेल्या तीन रेघा. मी आणि माझ्या दोन बहिणी. बाप ती कमरेला लावूनच विहिरीत उतरायचा. रोज सकाळी तीत पाण्याचे दोन थेंब टाकायचा, कारण चार दिवस पाणी मिळालं नाही तर चुन्याचा दगड होतो.

आईनं डबी हातात घेतली. नखानं झाकण उघडलं.

चुना ओला होता. त्यात नुकतंच फिरवलेलं एक बोट उमटलं होतं.